मनगट झिजले तर? – अर्धा सांधा बदलण्याविषयी थोडे



बेणे, खताचा हप्ता, तोडणीचा क्रम यांवर आपण या पानांतून नेहमीच बोलतो. ज्या हाताने ही कामे होतात, त्या हाताविषयी मात्र बोलायचे राहून जाते. गेल्या हंगामात ऊसनोंदीच्या कागदावर सही करण्यास आलेले एक वडीलधारे सभासद उजवे मनगट डाव्या हाताने धरून उभे होते. पेन धरवेना. “वात हाय, आता जायचा न्हाई,” म्हणाले. चौकशी करता समजले, की पंधरा वर्षांपूर्वी ते उसाच्या गाडीवरून हातावर पडले होते. तेल-हळद चोळली, सूज उतरली, काम सुरू! म्हणजे हा नुसता वात नव्हे, जुन्या मोडीची ती थकबाकी. डॉक्टरांनी दोन-तीन तऱ्हेची ऑपरेशने सांगितली आणि घरचे सगळे गोंधळले. म्हणून हा लेख.

मनगट म्हणजे बिजागरीसारखा एक सांधा नव्हे. तेथे 8 छोटी हाडे दोन ओळींत बसविलेली असतात आणि ती कोपराकडून येणाऱ्या दोन हाडांवर, विशेषतः अंगठ्याकडच्या मोठ्या हाडावर, टेकलेली असतात. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. तो झिजला की हाडावर हाड घासते, मग दुखणे, सूज आणि पकड ढिली. आमवातात शरीरच आपल्या सांध्यांवर उलटते व अनेकदा दोन्ही मनगटे धरतात. पडण्याने, लिगामेंट तुटल्याने किंवा हाड वाकडे जुळल्याने होणारी झीज सहसा एकाच हाताला होते व वर्षानुवर्षे हळूहळू वाढते.

ऑपरेशन ही पहिली पायरी नव्हे. मनगटाचा पट्टा, शेक, कामात बदल, गोळ्या, कधी सांध्यात इंजेक्शन, एवढ्यावर पुष्कळांचे भागते. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने खाऊ नयेत. पोट व मूत्रपिंड दोन्ही बिघडतात. आमवातावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत, म्हणून घरातल्या कोणीतरी वार लिहून ठेवावा.

एवढ्याने भागले नाही, तर मग प्रश्न येतो तो असा, की सांधा जखडायचा की बदलायचा? जखडणे म्हणजे धातूची पट्टी व स्क्रू लावून हाडे एकजीव करणे. दुखणे बहुधा जाते, पकड चांगली येते, पण मनगट वर-खाली वाकत नाही. तळहात उताणा-पालथा करता येतो, कारण ती हालचाल वेगळ्या सांध्याची आहे. काहींत थोडीच हाडे जखडतात किंवा मनगटाकडच्या ओळीतली तीन हाडे काढून टाकतात. त्यात थोडे वाकणे शिल्लक राहते.

बदलण्याचा खटाटोप जुना आहे. बर्लिनच्या ग्लुक नावाच्या सर्जनने 1890 च्या सुमारास हस्तिदंताचे मनगट बसवून पाहिले होते. हल्ली पूर्ण सांधा बदलताना दोन्ही बाजूंना कृत्रिम भाग बसवितात. त्यात खोट अशी, की हाताकडच्या छोट्या हाडांत स्क्रूने बसविलेला भाग कालांतराने सैल होतो. त्यावर उपाय म्हणून अर्धा सांधा निघाला. पंपाची दोन्ही बेअरिंगे न बदलता खराब तेवढे एकच बदलावे, तसेच हे. मनगटाकडच्या ओळीतली झिजलेली हाडे काढून मोठ्या हाडाच्या टोकात धातूचा गुळगुळीत भाग बसवितात आणि हाताकडची मूळ हाडे त्यावर फिरतात. हाड कमी कापावे लागते, सैल होणारा दुसरा भागच राहत नाही, आणि हातोडा मारताना मनगट जसे तिरपे फिरते ती हालचाल बरीचशी टिकते.

पण फुकट काहीच नाही. त्या शिल्लक हाडांची कूर्चा चांगली असली पाहिजे, नाहीतर धातूवर घासून तीही जाते. बसविलेल्या मनगटाने जड वजन उचलणे, कुदळ मारणे यांवर कायमची मर्यादा येते. गुडघा व खुबा यांच्या ऑपरेशनांइतका दीर्घ अनुभवही या कामाचा नाही. म्हणून मोळ्या उचलणाऱ्या, कोयता चालविणाऱ्या माणसाला डॉक्टर बहुधा जखडण्याचाच सल्ला देतात. हलके काम असलेल्यास किंवा दुसरेही मनगट गेलेल्यास बदललेला सांधा उपयोगी पडतो. एक गोष्ट ध्यानात ठेवा. बदललेला सांधा बिघडला तर तो पुढे बहुधा जखडता येतो. एकदा जखडलेला पुन्हा हलता करणे सहसा होत नाही.

आमच्या त्या सभासदांनी घरी बसून विचार केला. दोन म्हशींच्या धारा आणि उसाची भांगलण, दोन्ही त्यांना सोडायची नव्हती. त्यांनी जखडून घेतले. मनगट वाकत नाही म्हणून शर्टाची बटणे लावताना कुरकुरतात. धारा मात्र काढतात.

डॉक्टरांकडे जाताना आपण रोज नेमके काय करतो ते सांगा. “शेती करतो” एवढ्याने त्यांना काही कळत नाही. जुने एक्स-रे असतील तर घेऊन जा. आणि घरातले पोर हातावर पडले व अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दुखत असेल, तर पहिला एक्स-रे साफ आला म्हणून निश्चिंत होऊ नका. तेथल्या स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाची मोड सुरुवातीला पुष्कळदा दिसत नाही, आणि रक्तपुरवठा कमी म्हणून ते आपोआप जुळेलच असे नाही. दुखरा हात आधार देऊन ठेवावा आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढून घ्यावा.