रामापिथेकस मानवाचा पूर्वज का उरला नाही?

मानवाचा सर्वांत प्राचीन पूर्वज कोणता, या प्रश्नाला 'रामापिथेकस' हे उत्तर देऊन गुण मिळवणाऱ्यांच्या किमान दोन पिढ्या आपल्याकडे होऊन गेल्या. पाठ्यपुस्तकांतून, मार्गदर्शिकांतून आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तिकांतून हे नाव इतके रुळले की, त्याविषयी शंका घ्यावी असे कुणाला वाटलेच नाही. एनसीईआरटीच्या २००६ साली प्रथम छापल्या गेलेल्या बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातही सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच्या ड्रायोपिथेकस आणि रामापिथेकस यांचा उल्लेख असून, त्यांतील रामापिथेकस अधिक मानवसदृश होता, असे नमूद केले आहे. वस्तुस्थिती अशी की, हे पुस्तक छापले जाण्याच्या जवळजवळ पाव शतक आधीच रामापिथेकसची मानवाच्या वंशवृक्षावरून उचलबांगडी झाली होती. इतकेच नव्हे, तर एक स्वतंत्र प्राणी म्हणून त्याचे अस्तित्वही शास्त्रज्ञांनी पुसून टाकले होते. हा पूर्वज आला कुठून आणि गेला कुठे, याची हकिगत मानवी उत्क्रांतीच्या अभ्यासातील एका मोठ्या वादाची हकिगत आहे.

हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्यात हरितल्यांगर नावाचे गाव आहे. शिवालिकच्या टेकड्यांमधील या परिसरात १९३२ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाची एक मोहीम आली होती. तेव्हा बिलासपूर हे संस्थान होते. मोहिमेतील जी. एडवर्ड लुईस या तरुण संशोधकाला तेथे वरच्या जबड्याचा उजवीकडचा एक तुकडा सापडला. दोन उपदाढा आणि दोन दाढा शाबूत, बाकी बहुतेक सारे नाहीसे, असा हा हाताच्या मुठीत सहज मावणारा जीवाश्म. सुळा जागेवर नव्हता. पण त्याची खोबण लहान दिसत होती. चेहरा पुढे फारसा आलेला नसावा, असेही लुईसला वाटले. १९३४ मध्ये त्याने या प्राण्याचे 'रामापिथेकस ब्रेव्हिरोस्ट्रिस' असे नामकरण केले. ग्रीक भाषेत 'पिथेकस' म्हणजे वानर. तेव्हा हा 'आखूड तोंडाचा रामाचा वानर'.

शिवालिकमधील प्राण्यांना हिंदू देवतांची नावे देण्याचा प्रघात त्याही आधीचा. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण विभागातील गाय पिलग्रिम यांनी १९१० मध्येच येथील एका कपीला 'शिवापिथेकस' म्हटले होते. पुढे ब्रह्मदेव आणि सुग्रीव यांचीही वर्णी लागली. थोड्याशा दातांच्या आधारे नवनवी नावे ठेवण्याचा तो काळ होता. या नावांपैकी रामाचेच नाव भारतीय वाचकाच्या मनात घर करून बसले, यात नवल नाही. मात्र नावाचा आणि प्राण्याच्या योग्यतेचा काही संबंध नव्हता, हेही येथेच सांगितलेले बरे.

हा प्राणी मानवाच्या वंशाशी निगडित असावा, हे लुईसचे मत त्या काळी कुणी फारसे मनावर घेतले नाही. अमेरिकेतील मानवशास्त्राचे त्या वेळचे मोठे अधिकारी आलेश हर्डलिच्का यांनी १९३५ मध्ये ते साफ फेटाळले. लुईसचा प्रबंध पूर्ण रूपात कधी प्रकाशितच झाला नाही आणि जबड्याचा तुकडा येलच्या पीबडी संग्रहालयात पडून राहिला.

त्याला तेथून बाहेर काढले ते एल्विन सायमन्स यांनी. १९६१ साली त्यांनी या तुकड्याचा नव्याने अभ्यास करून रामापिथेकस हा मानवाच्या शाखेवरील पहिला ज्ञात प्राणी असल्याचे प्रतिपादन केले. त्यांचे तरुण सहकारी डेव्हिड पिलबीम हेही लवकरच या मताचे खंदे पुरस्कर्ते झाले. त्याच सुमारास लुई लीकी यांना केनियातील फोर्ट टर्नन येथे तशाच प्रकारचे जबड्याचे तुकडे मिळाले. लीकी त्यांना 'केनियापिथेकस' म्हणत होते. सायमन्स यांच्या लेखी तो रामापिथेकसच होता. तेथील खडकांचे वय सुमारे एक कोटी ४० लाख वर्षे भरले. म्हणजे मानवाची शाखा चिंपांझी-गोरिलांपासून किमान दीड कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली असली पाहिजे, असा हिशेब मांडला गेला.

यामागील तर्क समजून घेण्यासारखा आहे, कारण तो वरकरणी अगदी पटण्याजोगा आहे. मोठ्या वानरांचे सुळे लांब व धारदार असतात. भांडणात आणि धाक दाखवण्यात त्यांचा उपयोग होतो. माणसाचे सुळे लहान असतात. मग ज्या प्राण्याचे सुळे लहान झाले, त्याला त्यांची गरज उरली नसेल. ती उरली नाही, कारण तो हातात दगड-काठ्या घेत असेल. हात मोकळे होते, याचा अर्थ तो दोन पायांवर चालत असेल. डार्विनने मांडलेल्या विचारसरणीला धरूनच ही साखळी होती. अडचण एकच होती. रामापिथेकसचे पाय कुणी पाहिले नव्हते. हात नाही, कंबर नाही, कवटी नाही. होते ते फक्त जबडे आणि दात. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरे, पण येथे शितावरून संपूर्ण जेवणावळीचे वर्णन केले गेले. काही पुस्तकांत तर दोन पायांवर उभ्या असलेल्या रामापिथेकसची चित्रेही झळकली.

दुसरी गफलत अधिक तांत्रिक होती. माणसाच्या दातांची रांग कमानीसारखी वळलेली असते. वानरांच्या दोन्ही बाजूंच्या रांगा बऱ्याच सरळ असतात. रामापिथेकसची रांग कमानीसारखी होती, हा सायमन्स यांच्या मांडणीचा महत्त्वाचा आधार. परंतु लुईसच्या तुकड्यात टाळूची मध्यरेषाच शिल्लक नव्हती. उजव्या बाजूची प्रतिकृती उलटी करून डावी बाजू तयार करायची, तर दोन्ही बाजू एकमेकींशी कोणत्या कोनात ठेवायच्या, हे ठरवणार कोण? कोन थोडा बदलला की त्याच तुकड्यातून माणूसही निघतो आणि वानरही. अॅलन वॉकर आणि पीटर अँड्र्यूज यांनी १९७३ मध्ये फोर्ट टर्ननच्या तुकड्यांची नव्याने जुळणी केली, तेव्हा कमान नाहीशी झाली.

तोवर अगदी अनपेक्षित दिशेने खरा हल्ला होऊन चुकला होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्रयोगशाळेत अॅलन विल्सन आणि व्हिन्सेंट सॅरिच हे दोघे जीवाश्मांना हातही न लावता मानवाचे वय मोजत होते. त्यांचे साधन होते रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन. माणसाचे अल्ब्युमिन सशाला टोचले की सशाच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. हीच प्रतिपिंडे चिंपांझीच्या, गिबनच्या, माकडाच्या अल्ब्युमिनशी कितपत जोराने अभिक्रिया करतात, हे मोजले की दोन प्राण्यांच्या प्रथिनांत किती फरक पडला आहे, याचा अंदाज येतो. माणूस, चिंपांझी आणि गोरिला रक्ताच्या कसोटीवर एकमेकांना अतिशय जवळचे आहेत, हे मॉरिस गुडमन यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभीच दाखवले होते. सॅरिच आणि विल्सन यांनी त्यात काळाची भर घातली.

प्रथिनांमधील बदल सर्व शाखांत साधारण सारख्याच गतीने साचत जातात, असे त्यांचे गृहीतक होते. ते पडताळून पाहण्यासाठी त्यांनी माकडाला आधारबिंदू धरले. माकडापासून माणूस, चिंपांझी, गिबन हे सारे जवळजवळ सारख्याच अंतरावर भरले; म्हणजे कोणाचेही घड्याळ विशेष पुढे किंवा मागे पडलेले नव्हते. माकडे आणि कपी यांची फारकत तीन कोटी वर्षांपूर्वी झाली, असे धरले आणि माणूस व चिंपांझी यांच्यातील फरक त्याच्या साधारण एक षष्ठांश भरला, तर त्यांची फारकत पन्नास लाख वर्षांपूर्वीची ठरते. १९६७ साली 'सायन्स' या नियतकालिकात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तो मान्य केला, तर एक कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा रामापिथेकस मानवाच्या शाखेवर असणे केवळ अशक्य होते. कारण तेव्हा ती शाखाच फुटलेली नव्हती.

जीवाश्मतज्ज्ञ अर्थातच खवळले. ज्यांनी उभ्या आयुष्यात उन्हातान्हात हाडे गोळा केली, त्यांना सशाच्या रक्तावरून पूर्वजांचा निवाडा देणारे हे दोघे उपरे वाटले. घड्याळाची गती कायम राहते कशावरून, हा त्यांचा आक्षेप मात्र अगदीच गैरवाजवी नव्हता. शिवाय या घड्याळाला चावी दिली होती तीही जीवाश्मांवरून ठरवलेल्या तीन कोटी वर्षांच्या आकड्याचीच. सॅरिच स्वभावाने तडजोडीचे नव्हते. ऐंशी लाख वर्षांपेक्षा जुना जीवाश्म कसाही दिसत असला, तरी त्याला मानवाच्या शाखेत आता जागा नाही, अशी भूमिका त्यांनी १९७१ मध्ये जाहीरपणे घेतली. दहा-बारा वर्षे दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम होत्या.

या कोंडीतून वाट काढली ती पिलबीम यांनीच, आणि तीही पाकिस्तानात. पोटवार पठारावरील शिवालिकच्याच थरांमध्ये त्यांनी १९७३ पासून पाकिस्तानच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या सहकार्याने उत्खनन सुरू केले होते. रामापिथेकसचे अधिक पुरावे मिळवून आपली बाजू बळकट करावी, असा त्यांचा उद्देश असला तरी हाती लागणारे जबडे काही वेगळेच सांगत होते. १९७८ मध्ये त्यांनी आपले आधीचे मत बदलत असल्याचे लिहून प्रसिद्ध केले. ज्या सिद्धांतावर आपले नाव झाले तो भर सभेत मागे घेणारे संशोधक विरळा. पिलबीम यांचे मोठेपण मान्य केले पाहिजे.

त्यानंतर पोटवारमध्ये शिवापिथेकसच्या चेहऱ्याचा मोठा भाग मिळाला. १९८२ मध्ये 'नेचर'मध्ये त्याचे वर्णन आले आणि वादाचा निकाल लागल्यातच जमा झाला. उभट डोळ्यांच्या खोबण्या, दोन डोळ्यांमधील अरुंद जागा, बाजूने पाहिल्यास आत वळलेला चेहरा: ही सारी लक्षणे माणसाची नव्हेत, आफ्रिकेतील चिंपांझी वा गोरिलाचीही नव्हेत, ती बोर्निओ-सुमात्राच्या जंगलांत आज राहणाऱ्या ओरांगउटानची. तुर्कस्तानातील एका जीवाश्मावरूनही त्याच सुमारास हाच निष्कर्ष निघत होता. आणि रामापिथेकस? तो शिवापिथेकसहून वेगळा नव्हताच. ओरांगउटानची मादी नरापेक्षा बरीच लहान असते, तिचे सुळेही लहान असतात. ज्याला मानवपूर्वज समजून मखरात बसवले, ते त्याच जातकुळीतील लहान चणीचे प्राणी होते. एकाच प्राण्याला दोन नावे पडली असतील, तर आधीचे नाव ग्राह्य धरण्याचा प्राणिशास्त्राचा नियम आहे. १९१०चे 'शिवापिथेकस' टिकले, १९३४चे 'रामापिथेकस' रद्द झाले.

रेणूंनी हाडांवर मात केली, असे या प्रकरणाचे वर्णन नेहमी केले जाते. ते अर्धेच खरे आहे. नव्या हाडांची साक्ष मिळेपर्यंत बहुतेक जीवाश्मतज्ज्ञांनी रेणूंचे ऐकले नव्हते, हा भाग अलाहिदा. पण पन्नास लाख वर्षांचा आकडाही टिकला नाही. केनियात २००० साली सापडलेला ओरोरिन सुमारे साठ लाख वर्षांपूर्वीचा, तर मध्य आफ्रिकेतील चाड या देशात २००१ मध्ये मिळालेली 'तुमाई' ही कवटी साठ ते सत्तर लाख वर्षांपूर्वीची ठरली. पुढे माणसाच्या डीएनएमधील बदलांचा प्रत्यक्ष वेग पालक आणि मुले यांच्या जनुकांची तुलना करून मोजता आला, तेव्हा तो आधीच्या अंदाजापेक्षा मंद निघाला आणि घड्याळाचे काटेही मागे सरकवावे लागले. शिवापिथेकसचे प्रकरणही बंद झालेले नाही. १९९० मध्ये त्याच्या दंडाच्या हाडांचे वर्णन प्रसिद्ध झाले. ती ओरांगउटानच्या हाडांशी मुळीच जुळत नाहीत. चेहरा एकाचा आणि हात दुसऱ्याचा, असे हे कोडे आहे.

तुमाईभोवतीचा वाद पाहिला, तर रामापिथेकसची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मिशेल ब्रुने यांच्या पथकाने २००२ मध्ये तिला मानवाच्या शाखेत स्थान दिले, ते देताना लहान सुळ्यांचा आधार येथेही होताच. या वेळी कवटी जवळजवळ संपूर्ण होती, हा मात्र महत्त्वाचा फरक. त्याच वर्षी मिलफर्ड वोलपॉफ, ब्रिजिट सेन्यू, मार्टिन पिकफर्ड आदींनी 'सहेलान्थ्रोपस' या नावावरच बोट ठेवले. 'अँथ्रोपस' म्हणजे माणूस. त्यांच्या मते हा 'सहेलपिथेकस', म्हणजे वानरच होता. ही कवटी ज्या ठिकाणी सापडली, तेथेच मांडीचे एक हाडही मिळाले होते. २००४ मध्ये फ्रान्समधील प्वातिए विद्यापीठात ते ओळखले गेले. पण त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध व्हायला २०२० साल उजाडले. त्या वर्षी रोबेर्तो माक्कियारेल्ली आणि सहकाऱ्यांनी हा प्राणी नेहमी दोन पायांवर चालत असल्याचे हाडावरून दिसत नाही, असा निर्वाळा दिला. २०२२ मध्ये ब्रुने यांच्या मूळ पथकाशी संबंधित संशोधकांनी 'नेचर'मध्ये तेच हाड आणि कोपराजवळची दोन हाडे तपासून नेमके उलट मत मांडले. ज्या हाडावरून हा प्राणी कसा चालत असे ते ठरायचे, त्याची दोन्ही टोके तुटलेली आहेत.