शिक्षणखात्यातील नेमणुका कोणाच्या सोयीने?

गांधीबागेतील ठोक कापडबाजारात एखाद्या पेढीवर नवा मुनीम ठेवावयाचा असला म्हणजे मालक आधी त्याचे अक्षर पाहतो, हिशेब पाहतो, आणि पूर्वीच्या पेढीवर त्याने किती वर्षे काढली याची चौकशी करतो. तो कोणाचा भाचा हे विचारले जात नाही असे नव्हे. परंतु ते शेवटी विचारले जाते, आणि पुढे हिशेबात खोट निघाली तर नाते आड येत नाही, कारण तोटा मालकाच्या स्वतःच्या गल्ल्यातून जातो. शिक्षणखात्यातील नेमणुकांचा प्रकार याहून निराळा आहे. तेथे नेमणारा एक आणि तोटा सोसणारा दुसराच. या बाजारात दिवसभर गाठी वाहणारा हमाल आपल्या मुलास महाविद्यालयात धाडतो. दिल्लीत किंवा मुंबईत झालेल्या अयोग्य नेमणुकीचा भुर्दंड अखेर त्या मुलाच्या माथी बसतो. तो कळून येण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि तोवर नेमणारे व नेमलेले दोघेही आपापल्या खुर्च्या सोडून गेलेले असतात.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे आम्हांस अवश्य वाटते. ‘राजकीय नेमणूक’ हा शब्द हल्ली शिवीसारखा उच्चारला जातो. जो राजकारणात वावरला तो शिक्षणास अपात्र, असा त्याचा अर्थ असेल तर तो आम्हांस मान्य नाही. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ साली झाली. त्याचे पहिले कुलगुरू सर बिपिनकृष्ण बोस हे वकील आणि सार्वजनिक कार्यकर्ते होते. त्यांचा पेशा प्राध्यापकाचा नव्हे. पुढे याच पदावर आलेले डॉ. हरिसिंग गौर हेही वकील आणि कायदेमंडळाचे सभासद. परंतु त्यांनी १९४६ साली स्वतःच्या कमाईतून सागरचे विद्यापीठ उभारले. अशा मनुष्यास राजकारणी म्हणून बाजूस सारावयाचे आणि ज्याने पदवीपलीकडे काहीच मिळविले नाही त्यास शिक्षणतज्ज्ञ म्हणून मिरवावयाचे, हा न्याय उफराटा होईल. मनुष्य कोठून आला यापेक्षा, त्या पदावर तो कोणाच्या मर्जीवर राहणार आहे, हा प्रश्न मोठा आहे.

स्वातंत्र्यानंतर मौलाना आझाद देशाचे पहिले शिक्षणमंत्री झाले. त्यांच्या काळात खात्याचा सचिव हाच सरकारचा शैक्षणिक सल्लागार असे, आणि त्या जागी डॉ. ताराचंद, हुमायून कबीर, ख्वाजा गुलाम सय्यदैन अशी विद्वान माणसे बसली. यांतील कबीर हे तर बंगालच्या विधिमंडळात बसलेले पुढारी, आणि पुढे ते स्वतः केंद्रात मंत्रीही झाले. म्हणजे ही नेमणूकही काही अंशी राजकीयच म्हणावी लागेल. तथापि त्यांची विद्वत्ता निर्विवाद होती, आणि मंत्र्यास सल्ला देताना फाइलीच्या भाषेपलीकडे त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काही होते. कालांतराने ही जागा सनदी सेवेतील अधिकाऱ्यांकडे गेली. ते अधिकारी कर्तबगार असतील. पण आज शिक्षण, उद्या मत्स्यव्यवसाय, परवा खाणी, अशी ज्यांची बदली होते त्यांस शाळेचा स्वभाव कळावा कधी? १९८५ साली खात्याचे नाव मनुष्यबळ विकास झाले आणि २०२० साली पुन्हा शिक्षण झाले. पाटी दोनदा बदलली. खुर्चीवर कोणी बसावे याचा नियम मात्र कोणी बदलला नाही.

आम्हां महाराष्ट्रीयांस विशेष आठवावे असे उदाहरण चिंतामणराव देशमुखांचे आहे. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारचे महसूल व अर्थ सचिव म्हणून त्यांनी याच नागपुरात सेवा केली होती. मुंबई शहर केंद्रशासित करण्याच्या निर्णयाचा निषेध म्हणून १९५६ च्या जुलैत त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला, आणि तो देताना पंतप्रधान नेहरूंच्या कार्यपद्धतीवर भर लोकसभेत कठोर टीका केली. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगास कायद्याने स्वतंत्र स्थान मिळाले, आणि त्याच्या अध्यक्षपदी त्याच नेहरू-आझादांच्या सरकारने देशमुखांस बसविले. १९६१ पर्यंत ते तेथे होते. ज्याने काल भर सभेत आपणांस दोष दिला त्याच्या हाती आज देशातील सर्व विद्यापीठांच्या अनुदानाची किल्ली द्यावयाची, एवढे मन आजच्या कोणत्या पक्षाजवळ आहे? वाचकांनी आपल्या आवडत्या पक्षाचे नाव घेऊन हा प्रश्न स्वतःस विचारून पाहावा. देशमुखांनंतर अल्पकाळाने दौलतसिंह कोठारी त्या पदावर आले. ते १९७३ पर्यंत राहिले. तेवढ्या अवधीत तीन पंतप्रधान झाले आणि शिक्षणमंत्री तर कितीतरी. पण प्रत्येक नव्या मंत्र्याबरोबर आयोगाचा अध्यक्षही नवा असावा असे कोणास सुचले नाही.

जयंत पांडुरंग नाईक यांचेही नाव येथे घेतलेच पाहिजे. कोल्हापूरकडचा हा मनुष्य कायदेभंगाच्या चळवळीत तुरुंगात गेला होता, आणि धारवाडकडील खेड्यांत त्याने शिक्षणाचे काम केले होते. मोठ्या पदव्या त्याच्यापाशी नव्हत्या. आज अर्जाची छाननी करणारा कारकून त्यास पहिल्याच चाळणीत गाळील. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाचा हाच सदस्य-सचिव; आणि राष्ट्रीय उत्पन्नाचे शेकडा सहा शिक्षणावर खर्चावे ही आजतागायत अपुरी राहिलेली मागणी त्याच आयोगाच्या अहवालातून पुढे आली. तेव्हा केवळ पात्रतेचे तक्ते वाढविल्याने योग्य माणसे सापडतील अशा भ्रमात आम्ही नाही.

मग आज बिघडले कोठे? १९७६ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय समवर्ती सूचीत गेला. तेव्हापासून दिल्लीतील नियम नागपुरातील विद्यापीठाच्या दारापर्यंत पोहोचतो. कुलगुरूची नेमणूक आयोगाच्या नियमांस सोडून झाली तर ती टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली गुजरात आणि केरळ येथील प्रकरणांत सांगितले. अर्थात त्या नियमांची लेखणी ज्याच्या हाती, त्याच्या हाती बरेच काही आले. २०१६ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे शोधसमिती काही नावे सुचविते आणि राज्यपाल, कुलपती या नात्याने, त्यांतून एकाची निवड करतात. २०२१ च्या डिसेंबरात तेव्हाच्या आघाडी सरकारने दुरुस्ती आणली: आधी नावे सरकारकडे यावीत, त्यांतील दोन सरकारने पुढे पाठवावीत, आणि शिक्षणमंत्री प्र-कुलपती व्हावेत. विरोधकांनी विद्यापीठाच्या स्वातंत्र्यावर घाला म्हणून आकाश डोक्यावर घेतले. २०२२ साली सत्ता पालटली, आणि नव्या सरकारने ती दुरुस्ती मागे घेतली. जानेवारी २०२५ मध्ये अनुदान आयोगाने नवा मसुदा काढला. त्यात शोधसमितीत कुलपतींचा, आयोगाचा आणि विद्यापीठाचा असे तीन प्रतिनिधी सुचविले होते, राज्य सरकारचा एकही नव्हता. तेव्हा केरळ आणि तामिळनाडूने राज्यांच्या स्वातंत्र्यावर घाला म्हणून तशीच ओरड केली.

या सर्व रणधुमाळीत ‘स्वातंत्र्य’ हा शब्द दोन्ही बाजूंनी उच्चारला आणि दोन्ही बाजूंनी त्याचा अर्थ एकच केला: शाईची दौत आमच्या टेबलावर असावी. राज्यपाल केंद्राच्या सल्ल्याने नेमले जातात, मंत्री पक्षाच्या बळावर येतात. वर्गात उभा राहणारा शिक्षक या वादात कोठेच नव्हता, आणि विद्यार्थ्याचे तर नावही निघाले नाही.

उघड पक्षपातापेक्षाही जी रीत आम्हांस अधिक घातक वाटते ती ‘प्रभारी’ नेमण्याची. पद रिकामे ठेवावयाचे आणि कोणा एकावर तात्पुरता भार टाकावयाचा. प्रभारी मनुष्य वरच्यांस कधी नाही म्हणत नाही, कारण उद्या आपण त्या खुर्चीवर असू की नाही हे त्यास ठाऊक नसते. प्राध्यापकांच्या जागा भरण्यास तो हात घालीत नाही. मग विदर्भातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणारे तरुण, आचार्यपदवी घेऊनही, तासागणिक मोबदल्यावर वर्षे काढतात, आणि मुलांस एका वर्षी एक तर दुसऱ्या वर्षी दुसराच शिक्षक भेटतो. २०१६ च्या कायद्यात पद रिकामे होण्याच्या सहा महिने आधी निवडीचे काम सुरू व्हावे अशी तरतूद आहे. ती पाळली असती तर प्रभारींचे हे पीक एवढे माजले नसते.

आमची मागणी फार मोठी नाही. शोधसमितीने सुचविलेली नावे, त्या प्रत्येकाचे काम, आणि त्यांतील एकास का पसंत केले याची कारणे, नेमणुकीच्या दिवशीच प्रसिद्ध व्हावीत. केंद्रातील आयोगाचे अध्यक्ष असोत की येथील कुलगुरू, नियम एकच असावा. ज्याने गेल्या काही वर्षांत कोणत्याही पक्षाचे पद भूषविले असेल त्याच्या बाबतीत ते उघड नमूद व्हावे. त्यास वगळावे असे आम्ही म्हणत नाही, गौर आणि कबीर आम्ही विसरलेलो नाही. पद रिकामे राहिले तर कोणामुळे राहिले याचा खुलासा विधिमंडळात व्हावा. नावे छापण्यास नवा कायदा लागत नाही. विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले सभासद आहेत. त्यांची मते मागावयास उमेदवार महाल, इतवारी, गांधीबाग येथे दारोदार हिंडले होते. त्यांनी पुढील सभेत या आशयाचा ठराव मांडावा, आणि त्यावर कोणी कसे मत दिले तेही नावानिशी बाहेर येऊ द्यावे.