दोन चाकं आणि दोन हजार वर्षं

रोमन साम्राज्य पाहायला लोक कोलोझियमसमोर रांगा लावतात. पण रोमनांची खरी करामत शहरांच्या मधल्या मुलखात विखुरली आहे: रस्ते, पूल, कालवे, चौक्या, मैलाचे दगड आणि वाटेकडेच्या समाध्या. मोटारीने गेलं तर यातलं निम्मं दिसायच्या आत मागे पडतं. पायी जायचं तर महिन्याभराची रजा कुठून आणायची? सायकलचा वेग इथे फिट्ट बसतो. युरोपात या अवशेषांना जोडणारे, जागोजागी पाट्या लावलेले सायकलमार्ग आहेत. त्यांवरचे हे काही भन्नाट किस्से. वाचा आणि पायडल मारा!

भिंत लहान, वाट मोठी

सम्राट हेड्रियनने इ.स. १२२ मध्ये उत्तर इंग्लंडात बांधायला घेतलेली भिंत सुमारे ११७ किलोमीटरची. तिच्या नावाचा सायकलमार्ग मात्र तब्बल २७० किलोमीटरच्या आसपास! कारण रोमनांचा पहारा भिंतीपाशी संपत नव्हता, पश्चिम किनाऱ्यावरही खाली त्यांच्या चौक्या होत्या. मार्ग सुरू होतो रेव्हनग्लास या चिमुकल्या गावात. तिथल्या रोमन स्नानगृहाच्या भिंती अजून जवळपास चार मीटर उंच उभ्या आहेत. शेवट पूर्व किनाऱ्यावर, साउथ शील्ड्सला. बहुतेक सायकलस्वार पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात, कारण इथला वारा सहसा पश्चिमेचा असतो आणि तो पाठीशी असला की चढही सुसह्य होतात.

आणि भिंतीचे दगड कुठे गेले, असा प्रश्न पडला तर वाटेतला लॅनरकॉस्टचा मठ पाहा. बाराव्या शतकात तो बांधताना गवंड्यांनी सरळ भिंतीचेच दगड आणले.

वाढदिवसाचं आमंत्रण, वय १९०० वर्षं

याच मार्गाजवळ विंडोलांडाचा रोमन तळ आहे. १९७३ पासून इथल्या ओल्या मातीत लाकडाच्या पातळ पट्ट्या सापडू लागल्या. पोस्टकार्डाएवढ्या, त्यावर शाईने लिहिलेल्या. मातीत हवा पोचली नाही म्हणून त्या कुजल्या नाहीत. एका पट्टीवर क्लॉडिया सेवेरा ही अधिकाऱ्याची बायको आपल्या मैत्रिणीला, सल्पिसिया लेपिडिनाला, ११ सप्टेंबरच्या वाढदिवसाला बोलावते आहे. काळ इ.स. १०० च्या आगेमागे. मुख्य मजकूर लेखनिकाच्या वळणदार अक्षरात, पण शेवटच्या मायेच्या ओळी तिने स्वतः लिहिल्या आहेत. अक्षर जरा अडखळतं, आणि म्हणूनच थेट भिडतं. स्त्रीच्या हातचं लॅटिन लिखाण म्हणून जगात जे सर्वांत जुने नमुने माहीत आहेत, त्यांत हिची गणना होते.

दुसऱ्या एका पट्टीत कुणाला तरी पाठवलेल्या सामानाची यादी आहे: मोजे, चपला आणि आतले कपडे! तिथली थंडी अंगावर घेतली की ती यादी लगेच पटते.

मेट्रो स्टेशनवर लॅटिन

न्यूकॅसलजवळ भिंत जिथे संपते त्या गावाचं नाव वॉल्सएंड. इथल्या मेट्रो स्टेशनवर इंग्रजीबरोबर लॅटिनमध्येही पाट्या आहेत, धूम्रपान करू नका ही सूचनासुद्धा! स्टेशनपासून चार पावलांवर सेगेडुनम किल्ल्याचे अवशेष आहेत आणि सायकलमार्ग त्यांना लागूनच जातो.

२००५ पर्यंत नोकरीवर असलेला पूल

आता फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात या. कालाव्हों नदीकाठच्या जुन्या रेल्वेमार्गावर आता सायकलवाट आहे. बोन्यू गावाजवळ ती तुम्हाला एका तीन कमानींच्या दगडी पुलावर आणून सोडते. हा पों ज्युलियाँ. इ.स.पू. ३ मध्ये इटलीहून येणाऱ्या व्हिया डोमिशिया या रस्त्यासाठी बांधलेला. गंमत अशी की २००५ पर्यंत यावरून मोटारी जात होत्या! मग शेजारी नवा पूल झाला आणि या म्हाताऱ्याला विश्रांती मिळाली. आता तो फक्त पादचाऱ्यांचा आणि सायकलींचा.

सायकल लावून खाली पात्रात उतरा. खांबांमध्ये आरपार मोकळ्या खिडक्या ठेवलेल्या दिसतील. कालाव्हों उन्हाळ्यात रोडावते, पण पाऊस झाला की एकदम चवताळते. पुराचं पाणी खांबांवर धडकत राहण्याऐवजी या खिडक्यांतून निघून जातं. पूल दोन हजार वर्षं टिकला त्याचं एक कारण या पोकळीत आहे.

पन्नास किलोमीटर, उतार साडेबारा मीटर

तिथून पश्चिमेला पों द्यु गार. तीन मजली कमानी, उंची जवळपास ४९ मीटर. पण हा भव्य पूल म्हणजे नीम शहराला पाणी नेणाऱ्या ५० किलोमीटर लांब कालव्याचा एक छोटासा तुकडा! आख्ख्या कालव्याचा उतार किती? साधारण साडेबारा मीटर. म्हणजे किलोमीटरमागे सरासरी वीतभर. पंप नाही, दुर्बीण नाही, तरी पाणी बिनचूक शहरात पोचत होतं. खालच्या दोन मजल्यांचे दगड चुन्याशिवाय, नुसते एकमेकांवर नेमके बसवलेले आहेत. बोकेरच्या बाजूने जुन्या रेल्वेमार्गावरची सायकलवाट पुलाच्या परिसरापर्यंत आणते.

चुकीच्या ओळखीने वाचलेला खांब

जर्मनीतल्या मोझेल नदीकाठी, ट्रियरच्या अलीकडे, इगेल गावात २३ मीटर उंच कोरीव खांब उभा आहे. ही सेकुंडिनी नावाच्या कापड व्यापारी कुटुंबाची तिसऱ्या शतकातली समाधी. कापडाचे गठ्ठे, स्वयंपाकघर, दोरीने ओढत नेलेली होडी, असं अख्खं घर आणि धंदा तिच्यावर कोरला आहे. मध्ययुगात अशा समाध्या फोडून दगड पळवले गेले. ही वाचली, कारण लोकांना वाटलं की वरचं जोडपं म्हणजे ख्रिस्ती धर्माला राजाश्रय देणाऱ्या सम्राट कॉन्स्टन्टाइनचे आईवडील!

ट्रियरच्या पोर्टा नीग्रा वेशीची कथाही अशीच. अकराव्या शतकात सिमेऑन नावाच्या साधूने तिथे स्वतःला कोंडून घेतलं, पुढे त्याच्या नावाने वेशीचं चर्च झालं आणि वेस पाडापाडीतून सुटली. आणि नदीवरचा रोमन पूल? त्याच्या दुसऱ्या शतकातल्या खांबांवरून आजही मोटारी धावतात.

दगडी जहाजात दारूची पिंपं

थोडं पुढे गेलं की नॉयमागेन. इथे सापडलेल्या एका समाधीशिल्पात वल्ही मारणारे खलाशी आहेत, जहाजात दारूची पिंपं आहेत. मूळ शिल्प ट्रियरच्या संग्रहालयात आहे, गावात त्याची प्रतिकृती. शिवाय त्याच घडणीचं खरंखुरं लाकडी जहाज आज मोझेलवर फिरतं. जवळच्या पीस्पोर्टला चौथ्या शतकातला द्राक्षं पिळण्याचा मोठा घाणा १९८५ मध्ये उजेडात आला. त्याच्या आजूबाजूच्या उतारांवर अजूनही द्राक्षमळेच आहेत.

कोंबडा विरुद्ध कासव

ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गहून इटलीच्या ग्राडोपर्यंत जाणारा आल्पे आड्रिया मार्ग सुमारे ४१० किलोमीटरचा आहे. मधला आल्प्सचा कडा चढायचा नाही, तिथे सायकलसकट आगगाडीत बसून बोगद्यातून पलीकडे जायचं. पुढे बंद पडलेल्या लोहमार्गाचे पूल आणि बोगदे सायकलींना दिले आहेत. शेवटाला येतं अक्विलेया. इ.स.पू. १८१ मध्ये वसलेलं, एके काळी साम्राज्यातल्या मोठ्या शहरांपैकी एक, आज शांत खेडं. इथल्या चर्चची फरशी १९०९ मध्ये उकलली तेव्हा खाली चौथ्या शतकातलं जवळपास ७६० चौरस मीटरचं मोझेक निघालं. मासे, पक्षी, जाळी टाकणारे कोळी आणि समोरासमोर ठाकलेले कोंबडा आणि कासव. काचेच्या पुलांवरून चालत हे सगळं पायाखाली पाहता येतं.

सम्राटाचा घाट

दमदार पाय असतील त्यांच्यासाठी व्हिया क्लॉडिया ऑगस्टा. सम्राट क्लॉडियसने इ.स. ४६-४७ मध्ये पुरा केलेला आल्प्सपारचा रस्ता. आज डॅन्यूबकाठापासून इटलीपर्यंत सुमारे ७०० किलोमीटरचा सायकलमार्ग, त्यात दीड हजार मीटर उंचीचा रेशेन घाट. दम लागला तर घाटापुरती सायकली वाहून नेणारी बससेवाही आहे.

साठ कमानी, वर करकोचे

स्पेनमधलं मेरिदा सम्राट ऑगस्टसने इ.स.पू. २५ मध्ये निवृत्त सैनिकांसाठी वसवलं. ग्वादियाना नदीवरचा तिथला रोमन पूल जवळपास ७९० मीटर लांब, साठेक कमानींचा. १९९१ मध्ये नवा पूल झाल्यावर जुना चालणाऱ्यांना आणि सायकलींना मोकळा मिळाला. शहराबाहेर जलवाहिनीचे उंच खांब उभे आहेत आणि त्यांच्या माथ्यावर करकोच्यांनी घरटी थाटली आहेत. उत्तरेला व्हिया दे ला प्लाता वाटेवर कापारा नावाचं उजाड नगर लागतं. तिथली चौमुखी कमान अजून उभी आहे आणि वाट तिच्या खालूनच जाते!

रस्त्यांची राणी आणि कोल्हापूरचा पोसायडन

रोमजवळची व्हिया आप्पिया इ.स.पू. ३१२ मध्ये सुरू झाली, २०२४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. सायकली भाड्याने मिळतात. रविवारी शहराजवळचा भाग मोटारींना बंद असतो, तोच दिवस निवडा. काळ्या लाव्हाच्या दगडांवर सायकल खडखडते, तेव्हा जाड टायरची घ्या आणि कडेच्या मातीच्या पट्ट्यावरून चालवा.

हा रस्ता ब्रिंदिसी बंदरापर्यंत जायचा. तिथून भूमध्य समुद्र ओलांडला की इजिप्त, आणि तांबड्या समुद्रातून पुढे आपला किनारा. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठण आणि तेर यांची नावं आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली, परदेशातून आलेली पोसायडन या समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. रोमन व्यापाराची खूण पाहायला व्हिसा लागत नाही!

खडे टाकणारं मीटर

आणि शेवटचा किस्सा प्रत्येक सायकलवाल्यासाठी. रोमन अभियंता विट्रुव्हियसने दोन हजार वर्षांपूर्वी अंतर मोजणाऱ्या गाडीचं वर्णन लिहून ठेवलं. चार फुटी चाक ४०० वेळा फिरलं की एक रोमन मैल, आणि प्रत्येक मैलाला एक खडा खणकन भांड्यात पडायचा. खडे मोजले की अंतर कळलं. तुमच्या हँडलवरचं मीटर चाकाचे फेरेच मोजत असेल, तर तत्त्व तेच आहे.

निघायचंच असेल तर

फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली आणि स्पेनसाठी एक शेंगेन व्हिसा पुरतो, इंग्लंडचा वेगळा काढावा लागतो. मे-जून किंवा सप्टेंबर हे महिने सायकलला सर्वांत चांगले. भिंतींवर चढू नका, आठवण म्हणून दगडाचा तुकडाही उचलू नका. हेड्रियनची भिंत अशाच तुकड्यातुकड्यांनी गेली. पहिल्यांदाच जाणार असाल, तर डोळे मिटून मोझेल निवडा: जर्मनीतला मार्ग अडीचशे किलोमीटरच्या आत, चढ जवळपास नाहीच, काठाने आगगाडी आणि गावोगावी मुक्कामाची सोय. घरच्यांनाही सोबत न्या, ही वाट सगळ्यांना जमते.