मराठी मथळ्याला २०० चिन्हांची कात्री

सोलापुरातल्या एखाद्या चादरविक्रेत्याने आपल्या वर्डप्रेस साइटवर ‘खरी सोलापुरी चादर कशी ओळखावी’ या मथळ्याचा लेख चढवला, की त्याचा पत्ता आपोआप ‘खरी-सोलापुरी-चादर-कशी-ओळख’ असा होतो. शेवटचा शब्द अर्ध्यात तुटतो. वर्डप्रेसने पत्त्याच्या या भागासाठी २०० चिन्हांची जागा राखली आहे आणि देवनागरीतली प्रत्येक खूण, काना-वेलांटी सुटी धरून, त्यातली नऊ चिन्हे खाते. इंग्रजी मथळ्याला २०० म्हणजे ऐसपैस अंगण. मराठीला बावीस खुणांत गाशा गुंडाळावा लागतो. चादरीला भौगोलिक मानांकन मिळूनही तिच्या नावावर भलताच माल खपतो ही या शहराची जुनी तक्रार, म्हणजे दुकानदाराच्या दृष्टीने हाच लेख सर्वांत महत्त्वाचा. तुटलेल्या पत्त्यावर उपाय म्हणून लगेच प्लगइन शोधले जाते, आणि मराठीचे रोमन करून देणारी प्लगइन आहेतही. पण पत्त्याची चौकट लेखाच्या शेजारीच असते; तिथे हाताने ‘खरी-चादर’ एवढे लिहिले की काम झाले. माझा मुद्दा या चौकटीपासूनच सुरू होतो. छोट्या मराठी साइटला सुधारायचे असते तेव्हा आधी काहीतरी जोडले जाते, मग कधीतरी मोजले जाते, आणि वाचले तर जवळजवळ काहीच जात नाही. हा क्रम उलटा हवा.

जोडण्याची सोय वाईट आहे असे मुळीच नाही. मे २००४ मध्ये आलेल्या वर्डप्रेस १.२ मध्ये प्लगइनची व्यवस्था झाली, आणि प्रोग्रामिंगचा गंध नसलेल्या माणसालाही साइट वाढवता येऊ लागली. दुकानदाराकडे प्रोग्रामर नसतो, त्याने प्लगइन टाकायचे नाही तर काय करायचे, हा आक्षेप रास्त आहे. बॅकअप, चौकशीचा फॉर्म, कॅशे यांसाठी प्लगइन हवेच. प्रश्न उरलेल्यांचा आहे: सरकती चित्रे, उसळून येणारी खिडकी, कोपऱ्यात नाचणारे बटण. यातले बरेचसे आपापल्या फाइली साइटच्या प्रत्येक पानावर लादतात, अगदी जिथे त्यांचे काही काम नाही तिथेही. वर मराठीसाठी दोन-तीन वजनांचा सुंदर फॉन्ट. प्लगइन फुकट असते म्हणतात. त्याचा खर्च अक्कलकोट किंवा बार्शीतला ग्राहक आपल्या साध्या मोबाइलवर, आपल्या डेटातून आणि आपल्या वाट पाहण्यातून भरतो. शिवाय सुरक्षेचा प्रश्न. सप्टेंबर २०२० मध्ये ‘फाइल मॅनेजर’ या प्लगइनमध्ये असे भगदाड सापडले की लॉगिन न करताही कुणालाही सर्व्हरवर फाइल चढवता येत होती. ते तेव्हा सात लाखांहून अधिक साइटवर बसवलेले होते. ‘बंद करून ठेवलंय’ हे उत्तर पुरत नाही, कारण बंद केलेल्या प्लगइनच्या फाइलीही सर्व्हरवर पडून असतात. लागत नसेल ते पुसून टाकावे.

मोजण्याच्या साधनांबद्दलचा भाबडेपणा मला याहून घातक वाटतो. गुगल अ‍ॅनालिटिक्स २००५ च्या नोव्हेंबरात आले, आणि तेव्हापासून तिथला आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य. पण त्यातला ‘भाषा’ हा रकाना फोनच्या किंवा ब्राउझरच्या सेटिंगवरून भरतो. घरी तेलुगू, बाजारात मराठी आणि फोन इंग्रजीत ठेवणारा सोलापूरकर तिथे इंग्रजी वाचक म्हणून नोंदला जातो. मग मालक म्हणतो, मराठी कोण वाचतंय, आणि मराठी पाने ओस पडतात. शहराचाही अंदाजच असतो. मोबाइल इंटरनेटवरचा पंढरपूरचा वाचक पुण्या-मुंबईत दिसू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटातून आलेली माणसे बहुधा ‘डायरेक्ट’ या खात्यात पडतात, जणू त्यांनी पत्ता पाठ करून टाइप केला होता. सोलापूरचा निम्मा व्यवहार व्हॉट्सअ‍ॅपवर चालत असताना (निम्मा हा माझा अदमास, मोजमाप नव्हे) हे खाते फुगणारच. गटात टाकायच्या दुव्याला स्रोताची खूण जोडली तर हा घोळ सुटतो, आणि त्यासाठीही प्लगइन लागत नाही.

आकडे इतके वाकडे, तर मोजायचेच कशाला, असे कुणी विचारील. मोजायचे, पण पाहुण्यांच्या संख्येआधी त्यांचे प्रश्न. गुगलचेच फुकटचे सर्च कन्सोल लोक कोणते शब्द टाइप करून साइटपर्यंत आले ते दाखवते, आणि निकालात दिसूनही कुठल्या पानावर कुणी बोट ठेवले नाही तेही. टेरी टॉवेल घाऊक भावाने कुठे मिळतील असे लोक विचारत असतील आणि साइटवर भावाचे पानच नसेल, तर जगातले कुठलेही प्लगइन ती उणीव भरणार नाही. ते पान बसून लिहावे लागते. माझा कल उघड आहे: सुधारणेचा मोठा भाग लेखणीचा आहे, जोडणीचा थोडा.

एक सेटिंग मात्र प्रत्येकाने पाहावी. सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा मकर संक्रांतीला भरते, पंढरीची वारी आषाढात. या जिल्ह्यातल्या साइटचे चढउतार वर्षाच्या चक्राने समजून घ्यावे लागतात. जुने अ‍ॅनालिटिक्स १ जुलै २०२३ पासून नव्या नोंदी घेईनासे झाले. त्याच्या जागी आलेल्या नव्या आवृत्तीत नेहमीचे अहवाल टिकतात, पण ‘एक्सप्लोर’मध्ये स्वतः मांडायच्या सविस्तर तक्त्यांची माहिती मूळ सेटिंगनुसार दोनच महिने राहते. फुकटच्या खात्यात ती १४ महिन्यांपर्यंत वाढवता येते. या संक्रांतीची तुलना गेल्या संक्रांतीशी करायची असेल तर हा बदल आजच करून घ्या. एकदा पुसली गेलेली नोंद परत मिळत नाही.