परदेशात वैद्याची देशपरीक्षा

चिकित्सेपूर्वी ज्या दहा भावांची परीक्षा करावी असे चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितले आहे, त्यांत 'देश' हा एक भाव आहे. भूमी आणि आतुर असे दोन्ही अर्थ या शब्दात अभिप्रेत आहेत, हे आपणा सर्वांस पदवीच्या अभ्यासक्रमापासून ठाऊक आहेच. या विषयावर लेखी परीक्षेत आम्ही चांगले गुणही मिळविले होते. मात्र त्याचे मर्म उमगले ते वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, जर्मनीतील आउग्सबुर्ग या शहरी.

सौभाग्यवतींच्या नोकरीनिमित्त २०२२ च्या ऑक्टोबरात आम्ही सांगलीचा दवाखाना सहकाऱ्याच्या हाती सोपवून तेथे गेलो आणि तीन वर्षे राहिलो. सामानात कपड्यांपेक्षा ग्रंथ अधिक होते, आणि पितळी खलबत्ताही होता. त्या लोकांस आपण आयुर्वेद शिकवू, असा काहीसा अभिमान मनात होता, हे कबूल केले पाहिजे.

पहिल्याच महिन्यात एका रविवारी सकाळी आम्ही सुंठ कुटावयास बसलो. पाच मिनिटांत दारावरची घंटा वाजली. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या घरमालकीणबाई दारात उभ्या होत्या. रविवारी कुटणे, ठोकणे, भिंतीस भोके पाडणे येथे चालत नाही, असे त्यांनी विनयाने पण स्पष्ट शब्दांत सांगितले. त्या देशात रविवार हा कायद्याने राखलेला विश्रांतीचा दिवस आहे. बहुतेक दुकाने बंद असतात, आणि रात्री दहानंतरही शांतता पाळण्याची रीत आहे. त्या दिवशी आम्हास राग आला. पुढे त्याच शांततेत आम्हास झोप कशी लागू लागली, ते मात्र कोणास सांगितले नाही.

दुसरा धडा हिवाळ्यात मिळाला. डिसेंबरात तेथे दिवस जेमतेम सव्वाआठ तासांचा असतो. बाहेर बर्फ आणि घरात तापकाची उष्ण, रूक्ष हवा. थंडीच्या भयाने आम्ही खिडक्या बंद ठेवल्या. आत कुकरची वाफ कोंडली, ओले कपडे वाळत राहिले, आणि जानेवारीत भिंतीवर काळी बुरशी चढली. बाईंनी पुन्हा वर येऊन शिकविले: दिवसातून तीन-चार वेळा सर्व खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटे हवा खेळू द्यावयाची, मग पुन्हा बंद. जर्मन माणूस हे दात घासण्याइतक्या सहजतेने करतो. त्यास 'स्वस्थवृत्त' हे नाव ठाऊक नाही, एवढेच.

रात्रीच्या जेवणाचेही तसेच. मुख्य गरम भोजन दुपारी आणि सायंकाळी लवकर पाव, चीज, काकडी असा थंड आहार, ही तेथील जुनी पद्धत. हेमंतात अग्नी बलवान असताना हे कसले रूक्ष भोजन, असे प्रथम वाटले. परंतु सातच्या आत जेवून निजेपर्यंत पोट हलके ठेवणाऱ्या त्या लोकांपुढे, रात्री दहाला दवाखाना बंद करून भात-आमटी जेवणारे आम्ही कोणत्या तोंडाने दिनचर्या सांगणार होतो?

खरा प्रसंग पुढेच आहे. २०२३ च्या वसंतात बाईंनी गुडघेदुखीची तक्रार सांगितली. आम्ही सवयीने नाडी पाहिली आणि घरच्या चूर्णाची पुडी काढून दिली. त्यात सुंठ, हळद, गुग्गुळ व आणखी काही द्रव्ये होती. त्या आणखी काय घेतात, हे आम्ही विचारले नाही. बाईंनी मात्र पुडी थेट आपल्या औषधविक्रेत्याकडे नेली, आणि दुसऱ्या दिवशी आम्हासही बरोबर येण्यास सांगितले.

त्या देशात औषधालयाचा मालक स्वतः औषधनिर्माणशास्त्राचा पदवीधर असावा लागतो, आणि त्यास एक मुख्य व फार तर तीन शाखा चालविता येतात. त्यामुळे ग्राहक त्याच्या ओळखीचा असतो. त्या गृहस्थांनी बाईंचा छापील औषध-तक्ता पुढे ठेवला. तीन वा अधिक औषधे कायम घेणाऱ्या रुग्णास असा तक्ता मिळण्याचा हक्क तेथे २०१६ पासून आहे. सकाळ, दुपार, सायंकाळ, रात्र असे त्यात रकाने होते. आमचा औषधसेवनकालच तो! त्यात रक्त पातळ ठेवणारे औषध होते. गृहस्थांनी आम्हास चार प्रश्न विचारले. द्रव्यांची शास्त्रीय नावे काय? वनस्पतीचा कोणता भाग? प्रमाण किती? केव्हा तयार केले? पुडीवर यातले काहीच लिहिलेले नव्हते. हळद व गुग्गुळ या औषधासोबत देणे जोखमीचे ठरू शकते, हेही त्यांनीच सांगितले. जाताना त्यांनी सौम्यपणे आणखी एक गोष्ट सांगितली. वैद्यकाचा परवाना वा 'हाइलप्राक्टिकर' ही मान्यता नसता व्यवसाय म्हणून रोगचिकित्सा करणे तेथे १९३९ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. आमची पदवी तेथे वैद्यकाची पदवी म्हणून ग्राह्य नाही.

अठरा वर्षे 'वैद्यराज' म्हणवून घेतल्यानंतर हे ऐकणे सोपे नव्हते. त्या रात्री झोप आली नाही. सलत होती ती पदवीची अमान्यता नव्हे. सलत होता न विचारलेला प्रश्न.

बाईंच्या मनात काही राहिले नाही. जूनमध्ये त्यांनी आम्हास आगगाडीने बाड व्योरिसहोफेन या गावी नेले. सेबास्टियन क्नाइप (१८२१–१८९७) हे धर्मगुरू १८५५ पासून तेथे राहिले. तरुणपणीच्या छातीच्या आजारात थंड पाण्याचा गुण आल्यावर त्यांनी जल, वनस्पती, व्यायाम, आहार व जीवनातील समतोल यांवर आधारलेली उपचारपद्धती रूढ केली. २०१५ मध्ये तिचा जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या सूचीत समावेश झाला. गुडघ्याखालपर्यंतच्या थंड पाण्याच्या हौदात माणसे बगळ्याप्रमाणे प्रत्येक पाऊल पाण्याबाहेर उचलीत चालत होती. त्यांत बाईही होत्या. संधिवातात शीत उपचार? आमचे शास्त्र आतून विरोध करू लागले. परंतु बाहेर आल्यावर त्यांनी पाणी हाताने निथळले, लोकरी मोजे चढविले आणि पाय ऊबदार होईतो झपझप चालल्या. पाय आधीच गार असतील तर पाण्यात उतरावयाचे नाही, हाही नियम त्यांनी सांगितला. म्हणजे मुख्य हेतू शैत्य नसून त्यानंतर शरीराने स्वतः निर्माण करावयाची ऊब हा होता, आणि बाईंस ते बालपणापासूनचे ओकसात्म्य होते. सांगलीच्या रुग्णास आम्ही हा उपचार सांगणार नाही. बाईंस तो सोडावयासही सांगणार नाही.

२०२५ मध्ये परतल्यावर आम्ही दवाखान्यात तीन बदल केले. रुग्णपत्रिकेच्या पहिल्या पानावर 'सध्या चालू असलेली सर्व औषधे' हा रकाना घातला. प्रत्येक पुडीवर द्रव्य, प्रमाण व तारीख लिहू लागलो. वृद्ध रुग्णांस चार वेळांचा तक्ता लिहून देऊ लागलो. औषधालय चालविणाऱ्या बंधुभगिनींनीही विक्रीच्या मेजावर हा पहिला प्रश्न विचारावा, अशी विनंती आहे.

आपल्यापैकी अनेकांची मुले आज परदेशी आहेत आणि काही जण स्वतःही जाण्याच्या तयारीत असतील. त्यांनी पुड्यांची पिशवी बांधण्याआधी तेथील कायदा वाचावा. पहिले वर्ष केवळ पाहावे: लोक केव्हा जेवतात, केव्हा निजतात, केव्हा खिडकी उघडतात. देशपरीक्षा तेथूनच सुरू होते.