परंड्याची तोफ सोडवते नववी-दहावीचा गृहपाठ

घनता, विशिष्ट उष्मा, कार्य, संमिश्र. परीक्षा जवळ आली की पोरं या व्याख्या घोकत बसतात. परंड्यातल्या पोरांनी खरं तर घोकायचं काही कारण नाही. गावात भुईकोट किल्ला आहे, बुरुजांवर तोफा आहेत. शिवाय याच किल्ल्यावर एके काळी अशी एक तोफ होती की एकट्या तिच्यावर निम्मा स्वाध्याय सुटतो.

ती तोफ म्हणजे मुलूखमैदान. 1549 मध्ये महंमद बिन हसन रूमी याने ती अहमदनगरला ओतली. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यावर आली आणि 1632 मध्ये विजापूरचा सरदार मुरार जगदेव याने ती इथून विजापूरला नेली. आजही ती तिथल्या बुरुजावर आहे. तिचं तोंड सिंहाच्या उघड्या जबड्यासारखं आहे आणि त्या दातांत हत्ती चिरडलेला दाखवला आहे. तेव्हा वही काढा.

काट्याशिवाय वजन काढा

दिलेले: लांबी सुमारे 4.45 मीटर, बाहेरचा व्यास 1.5 मीटर, आतल्या नळीचा व्यास 0.7 मीटर. तोफ म्हणजे पोकळ वृत्तचिती, सूत्र गणिताच्या पुस्तकातलंच. आधी ती भरीव आहे असं समजा. घनफळ येतं 7.86 घनमीटर. त्यातून नळीची पोकळी वजा करा, 1.71. उरले 6.15 घनमीटर. तोफेच्या धातूची घनता साधारण 8.7, म्हणजे एका घनमीटरला 8.7 टन. गुणाकार केला की उत्तर येतं साडेत्रेपन्न टन.

तिचं वजन 55 टन सांगतात. दीड टन कुठे गेलं? चूक आकडेमोडीत नाही, आकृतीत आहे. आपण नळी आरपार धरली, पण तोफेची मागची बाजू बंद असते. तिथला धातू आपण हिशेबात घेतलाच नाही. मला हे उदाहरण आवडतं ते या ताळ्यासाठी. उत्तर थोडं चुकतं आणि ते का चुकलं हेही कळतं. रीत लिहा, असं सर सारखं का बजावतात, ते इथे पटतं.

शास्त्रीय कारण लिहा: मुलूखमैदान भर उन्हातही थंड लागते

विजापूरला गेलेला प्रत्येक जण हे सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याच्या शेडला हात लावता येत नाही, मग 55 टनांच्या धातूला कसा लावता येतो?

तोफ कांस्याची, आणि कांस्याचा विशिष्ट उष्मा साधारण 0.09 किलोकॅलरी प्रति किलो प्रति अंश. म्हणजे ही अख्खी तोफ 1 अंशाने तापवायला जवळपास 5,000 किलोकॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत 5,000 लिटर पाणी, म्हणजे ट्रॅक्टरमागचा एक टँकर, 1 अंशाने तापेल. वरून पडणारं कडक ऊन धरलं तर दर चौरस मीटरला सुमारे 1 किलोवॅट, आणि तोफेची उन्हाला लागणारी बाजू साधारण पावणेसात चौरस मीटर. सगळं ऊन तिने शोषलं आणि उष्णता जराही बाहेर गेली नाही असं धरलं, तरी तासाला जेमतेम सव्वा अंश वाढतो. पातळ पत्र्यात वस्तुमानच नसतं, म्हणून तो पंधरा मिनिटांत चटके देतो. तोफ रात्रीचा गारवा दुपारपर्यंत पोटात ठेवून असते.

घंटा आणि कल्हई

तोफेवर टकटक केली तर देवळातल्या घंटेसारखा नाद येतो म्हणतात. यायलाच हवा, कारण धातू घंटेचाच आहे: साधारण चार भाग तांबं, एक भाग कथील. तांबं वितळायला 1085 अंश सेल्सिअस लागतात, कथलाला फक्त 232. दोन्ही या प्रमाणात एकत्र केले की 900 च्या आसपास रस होतो. भट्टीचं जळण वाचतं आणि धातू तांब्यापेक्षा कठीण होतो. संमिश्रं का बनवतात, या प्रश्नाला याहून चांगलं उदाहरण नाही. हिशेब केला तर एकट्या या तोफेत सुमारे 11 टन कथील आहे.

कथील म्हणजे कल्हईवाल्याचा धातू. पितळेचं पातेलं भात्यावर तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी फिरवायची आणि फडक्याने आतून पुसून घ्यायचं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड. ते भांड्यावरचं ऑक्साइड काढून टाकतं, म्हणूनच कथील धरतं. आजीला विचारा, ती हे पाठ न करता सांगेल.

परीक्षेत हमखास फसवणारा प्रश्न

परंडा ते विजापूर सरळ रेषेत साधारण 160 किलोमीटर. तोफ ओढायला 400 बैल आणि 10 हत्ती लागले असं सांगतात. सपाट रस्त्यावर गुरुत्वाकर्षणाने किती कार्य केलं? उत्तर: शून्य. बल खाली, विस्थापन आडवं, दोन्हींत 90 अंशांचा कोन. बैलांचा घाम निघाला तो घर्षणापायी, आणि चढ लागला तिथे वजनापायी.

वाटेत भीमा लागतेच. मुलूखमैदानची जोडीदार कडकबिजली नदी ओलांडताना बुडाली अशी कथा आहे. ती नेमकी केवढी होती त्याचे आकडे नाहीत, म्हणून उदाहरण मुलूखमैदानवरच करू. ती पाण्यात पडली तर सव्वासहा टन पाणी बाजूला सारेल आणि तेवढीच हलकी होईल. उरलेलं पावणेएकोणपन्नास टन वजन गाळातून काढायचं. आर्किमिडीज इतकीच मदत करतो.

बार उडाला की

नळीत मावणारा काळ्या दगडाचा गोळा जवळपास 500 किलोचा. तोफ त्याच्या 110 पट जड. म्हणून गोळा सेकंदाला 110 मीटर वेगाने सुटला तर मोकळी तोफ 1 मीटर वेगाने मागे येते. न्यूटनचा जन्म तोफ ओतल्यानंतर जवळपास 94 वर्षांनी झाला, पण तोफची ते आधीपासून जाणून होते आणि बाजूला उभे राहत. बंद नळीत हवा नसतानाही दारू पेटते, कारण तिच्यातला शोरा स्वतःच ऑक्सिजन पुरवतो.

भिंतीतलं समीकरण

100 किलो चुनखडी भाजली की 56 किलो कळीचा चुना उरतो, 44 किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. चुना विझवून किल्ल्याच्या भिंतीतल्या दगडांत भरला की तो हवेतला तोच वायू परत घेतो आणि वर्षानुवर्षं हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. बोअरच्या जड पाण्याने बंबात जमणारा पांढरा थरही बहुतेक हाच पदार्थ. त्यावर लिंबू पिळा, बुडबुडे दिसतील.

शेवटी पुन्हा मुलूखमैदानकडे. 1854 मध्ये इंग्रजांनी ती लिलावात काढली. सर्वांत मोठी बोली 150 रुपयांची आली, म्हणजे टनाला पावणेतीन रुपये. म्हणून विक्री थांबली आणि तोफ वाचली.

परंड्याच्या बुरुजांवरच्या तोफा मात्र कुठे गेलेल्या नाहीत. येत्या रविवारी सुतळी, टेप आणि वही घेऊन किल्ल्यावर जा. सुतळीने परीघ घ्या, 3.14 ने भागा, व्यास मिळेल. लांबी मोजा, धातू ओळखा, वजन काढा. तोफेवर चढू नका, नाव कोरू नका. आणि उत्तर लिहिताना एकक विसरू नका, तिथेच अर्धा गुण जातो.