मध्यरात्रीचे लंडन

लंडनची भुयारी रेल्वे १८६३ सालची; पण ही म्हातारी रात्री झोपते, हे पाहुण्याच्या ध्यानी येत नाही. नाटक पाहावे, थेम्सकाठी रेंगाळावे आणि स्टेशनावर यावे, तो जाळीचे दार बंद! २०१६ पासून शुक्रवारी-शनिवारी काही मार्गांवर गाड्या रात्रभर धावतात, एरव्ही नाही. परक्या शहरात, बरोबर बायकामुले असताना, छातीत धस्स होते.

अशा वेळी टॅक्सीच्या मागे न लागता सरळ ट्रॅफल्गार चौक गाठावा. रात्रीच्या कितीतरी बसगाड्या तेथून जातात. बहुतेकींच्या क्रमांकाआधी ‘एन’ हे अक्षर असते. खिशातल्या नोटांचा मात्र उपयोग नाही. २०१४ पासून बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, कार्ड हवे.

‘एन १५’ मिळाली, तर वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा धरावी. (बेस्टच्या डबलडेकरवर वाढलेल्याला हे सांगायला नकोच!) फ्लीट स्ट्रीट निर्मनुष्य असतो. मग समोर सेंट पॉलचा घुमट उभा राहतो, आणि पुढे नदीकाठचा तो जुना टॉवर. दिवसाच्या गर्दीत मान मोडूनही जे धड दिसत नाही, ते येथे बसल्या जागी, बसच्या भाड्यात! कंडक्टर नसतो, उतरायचे तर आधी बटण दाबावे.